सोळा पोपटांचा शेला

वकिलीणबाई पहिल्यांदा आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा आईने आधी त्यांच्या मागे वाकून पाहिलं, बरोबर आणखी कोण आलंय का म्हणून. कर्जतच्या बाजारपेठेतली एवढी मोठी बाई पूल ओलांडून दहिवलीत, आणि तीही आमच्या आळीत, आपल्या पायांनी येते हे काही साधं नव्हतं. त्यांचे यजमान कर्जतच्या कोर्टात वकिली करत, म्हणून सगळं गाव त्यांना वकिलीणबाईच म्हणे. बाई पडवीत आल्या, बसायला दिलेल्या घोंगडीकडे त्यांनी पाहिलं आणि उभ्याच राहिल्या. काखेतलं पांढऱ्या धोतरात बांधलेलं गाठोडं त्यांनी खाटेवर ठेवलं, आमच्यापैकी कुणाच्या हातात दिलं नाही, आणि स्वतःच सोडलं. आत हळदीच्या रंगाचा रेशमी शेला होता. दोन्ही काठांवर वेल, वेलीवर कुयऱ्या आणि दर कुयरीआड एक पोपट. हिरवा म्हणावा तर मानेपाशी निळा, पंखात पिवळा, चोच डाळिंबाच्या दाण्यासारखी. मी तेव्हा बारा वर्षांची असेन. असलं काही मी आधी पाहिलं नव्हतं, आणि मी हात पुढे केला तसा बाईंनी शेला जरा मागे ओढला.

"सोळा पोपट आहेत," त्या म्हणाल्या आणि आमच्यादेखत बोट ठेवून मोजू लागल्या. चौदा धड होते. ट्रंकेत शिरलेल्या उंदराने एका कोपऱ्यात तळहाताएवढं भोक पाडलं होतं आणि त्यात उरलेले दोघे गेले होते. मग बाईंनी विती टाकून शेल्याची लांबी मोजली आणि आकडा मोठ्याने सांगितला, आम्ही सगळ्यांनी ऐकावा असा.

हे गाठोडं आलं होतं माझ्या चंद्राआत्यासाठी. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन ती मुंबईला गिरणगावात गेली, चार-पाच वर्षांत नवरा छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा पोटासाठी ती चाळीच्या खालच्या कारखान्यात साड्यांच्या काठांवर भरतकाम करायला लागली. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादांनी तिला हात दिला. दहा वर्षांनी ती आमच्याकडे परत आली ती एक लाकडी चौकट, सुयांचा डबा आणि रेशमाच्या लडी घेऊन. चौकट खाटेएवढी होती. कापड तिच्यावर ताणून बांधायचं आणि वरून-खालून सुई घालायची. पुरुषांच्या कारखान्यात मांडी घालून बसलेली बाई म्हणून आळीतल्या बायका पहिलं वर्षभर तिच्याकडे तिरकंच बघत. मग आमच्यात लग्नं पांढऱ्या साडीत होऊ लागली. आमच्या लोकांनी धम्म घेतल्यावर हिरवा चुडा, पिवळं लुगडं हे सगळं मागे पडलं होतं, आणि म्हाताऱ्या कुरकुरत, नवरी का अशी कोरी पाठवायची. आत्याने शेजारच्या मुलीच्या पांढऱ्या साडीवर पांढऱ्याच रेशमाने पिंपळाची पानं भरली. लांबून काही दिसायचं नाही. नवरी चालली की उजेड त्या पानांवर पडायचा आणि पानं हलल्यासारखी वाटायची. त्यानंतर दहिवलीपासून खोपोलीपर्यंतच्या आमच्या लोकांत आत्याच्या हाताचा पदर असल्याशिवाय लग्न लागेनासं झालं.

"मुंबईत दोन दुकानांत दाखवला," वकिलीणबाई म्हणाल्या. "एक म्हणाला ठिगळ लावून देतो. दुसऱ्याने घेतलाच नाही. आमच्या सुधाचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. सासूबाईंच्या लग्नातला आहे हा. त्यांचा हट्ट आहे, नातीच्या अंगावर हाच पाहिजे. तुला जमेल का?"

आत्याने शेला हातात घेतला, सरळ बाजू पाहिलीच नाही, उलटा केला आणि दारातल्या उजेडात बराच वेळ धरून राहिली. "बघते," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी जेवताना घरात बोलणं झालं ते असं. तांदळाची भाकरी होती, वालाचं बिरडं होतं, आणि स्टेशनातून घाटासाठी गाडीला मागून इंजिन जोडतानाचा तो दणका येत होता, ज्याची आम्हाला इतकी सवय होती की पाहुणे दचकले म्हणजेच तो ऐकू यायचा. बाबा रेल्वेत खलाशी होते, बोलायला सावकाश. ते म्हणाले, "चंद्रे, त्यांच्या घरात आपल्या हातचं पाणी चालत नाय. आन लग्नातला शेला चालतो. हे कसं काय?"

"गरज हाय त्यांना," आत्या म्हणाली.

"गरज सरली की मग?" आई म्हणाली. "उद्या म्हनतील, आमचा शेला असा नव्हता, तसा होता. पोपट मोजून दिलेत बाईनं. मोजून देनारी बाई मोजून घेनार." आईचं असं होतं, की तिला कुणाच्याही चांगुलपणात खडा लागायचाच, आणि बहुतेक वेळा तो खडा असायचाही.

आत्या आधी नेहमी पडवीत काम करी. मी शाळेतून आले की तिच्यासमोर बसून सुयांत धागे ओवून द्यायची. या वेळी तिने चौकट मागच्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. मला म्हणाली, "तू नको येऊस गं. अंगाचा वारा लागतो धाग्याला." हे मला खोटं वाटलं. आजवर माझ्या वाऱ्याचं तिला काही वाटलं नव्हतं. चार दिवस गेले, पाच गेले. जेवायला बाहेर आली की तिचं लक्ष नसे. एकदा तर भाकरीचा तुकडा तिने डाव्या हाताने मोडला, आणि आईने टोकल्यावर ओशाळून हात पदरात लपवला. मागच्या खोलीची भिंत कारवीच्या कुडाची होती, शेणाने लिंपलेली. एका जागी लिंपण पडून बोटभर फट झाली होती. एका दुपारी मी तिला डोळा लावला. चौकटीवर शेला नव्हताच. शेला घडी घालून बाजूला ठेवला होता, आणि चौकटीवर दुसरंच एक पिवळं कापड ताणलं होतं. त्यावर आत्या पोपट भरत होती. तशीच मान, तशीच चोच.

थोड्या वेळाने तिने ते कापड सोडलं, गुंडाळी केली आणि भाताच्या कणगीत कोपरभर खाली खुपसली. वरून भात सारखा केला. मी परसात जाऊन बसले. मला एकच अर्थ लागला. आत्या तसाच दुसरा शेला करते आहे. खरा ठेवून घेईल, खोटा देईल. आईला सांगावं असं वाटलं, पण आई मोठ्याने बोलायची. बाबांना सांगावं तर ते आत्याला घराबाहेर काढतील असं वाटलं. म्हणून मी गप्प राहिले आणि आत्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. ती पाणी मागायची तेव्हा मी तांब्या ठेवून लगेच निघून जायची. रात्री ती माझ्या केसांवरून हात फिरवायची, तोही मला नकोसा झाला.

आता हे लिहिताना मला माझंच नवल वाटतं. लहानपणापासून जिच्या मांडीवर वाढले तिला मी एका फटीतून बघून चोर ठरवलं. परवा आम्ही नातीच्या लग्नाचे कपडे घ्यायला गेलो, तेव्हा दुकानातल्या मुलाने सगळं 'हॅन्डवर्क' म्हणून पुढे टाकलं. मी एकेक घागरा उलटा करून बघत होते आणि तो मुलगा माझ्यावर डोळा ठेवून होता, म्हातारी काही फाडते की काय म्हणून. मला हसू आलं नाही. संशय घेणाऱ्याचं तोंड कसं दिसतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

आठव्या की नवव्या दिवशी मी शाळेतून येत होते. वकिलीणबाई भाजीची पिशवी घेऊन पुलाच्या अलीकडे उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारली. एरवी त्यांनी मला ओळखही दिली नसती. पिशवीतून लिमलेटच्या दोन गोळ्या काढून त्यांनी वरून माझ्या ओंजळीत टाकल्या आणि गोड आवाजात विचारलं, "काय गं, तुझी आत्या दिवसभर काम करते ना आमचं?"

"करते," मी म्हटलं.

"तुझ्यासमोर करते?"

"नाही. दार लावून बसते." मग मी थांबायला हवं होतं. पण एवढी मोठी बाई माझ्याशी बोलते आहे, वाकून माझं ऐकते आहे, आणि हे मी इतके दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "तिच्याकडे दुसरा पण एक पिवळा कपडा आहे. त्याच्यावर पण पोपट आहेत. तो ती कणगीत लपवते."

बाईंचा चेहरा हलला नाही. "शहाणी आहेस," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. गोळ्या मी खाल्ल्या. दोन्ही खाल्ल्या.

लग्नाला पाच दिवस उरले असताना आत्या शेला घेऊन कर्जतला निघाली आणि मला म्हणाली, "चल, कुसुम." मला जायचं नव्हतं. पोटात दुखतंय म्हटलं, तर आईने ओव्याचं पाणी पाजलं आणि पाठवलं. वकिलांच्या घरी लग्नाची गडबड होती. ओसरीवर वकिलांच्या आई, ज्यांना सगळे काकीआजी म्हणत, पाट मांडून गव्हले वळत बसल्या होत्या. रुखवताचे गव्हले, तांदळाएवढे बारीक. त्यांची बोटं न बघता चालत होती. आम्ही पायरीच्या खाली उभ्या राहिलो.

बाईंनी शेला ओसरीवर पसरला. भोक कुठे होतं ते सापडेना. त्यांनी कोपरा चाचपला, दुसरा कोपरा चाचपला, कापड उजेडाला धरलं. पोपट मोजले, सोळा भरले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्या विती टाकू लागल्या, आणि शेवटच्या वितीला थांबल्या. "हा दोन बोटं आखूड आहे," त्या म्हणाल्या.

"हां बाई. कडंची दुमड उसवून मी त्यातले धागे काढले," आत्या सांगू लागली. "भोक विनायला जुनंच रेशीम पायजे. नवं चमकलं असतं."

"ते राहू दे. आमच्या शेल्याला भोक होतं. याला भोकाचा मागमूस नाही. मुंबईच्या दुकानदाराला जे जमलं नाही ते तुला जमलं? हा आमचा शेला नव्हे."

"तुमचाच हाय."

"तुझ्याकडे दुसरा आहे. असाच. पोपटांचा. कणगीत ठेवलायस." बाईंचा आवाज चढला नव्हता. "तुमच्याच घरातलं माणूस सांगतंय, मी मनचं बोलत नाही. साहेब कोर्टातून आले की मी त्यांना सांगणार आहे. मग तुझ्या भावाच्या नोकरीचं काय होईल ते तू बघ."

मला वाटलं, आत्या आता माझ्याकडे बघेल. तिने पाहिलं नाही. समोर शेल्याकडे बघतच ती म्हणाली, "कुसुम, घरी जा आन ती गुंडाळी घेऊन ये. कुठं ठेवलीय ते तुला ठाव हाय."

मी पळत निघाले. घरी आई परसात होती. मी कणगीत हात घातला, गुंडाळी काढली, फ्रॉकखाली धरली आणि पुन्हा पळत सुटले. पुलावर आले आणि माझे पाय थांबले. खाली उल्हास नदीला पाणी बेताचंच होतं, पण एक गुंडाळी वाहून न्यायला पुरेसं होतं. मला वाटलं, टाकून द्यावी. सापडली नाही म्हणून सांगावं. हीच नसली तर बाई काय दाखवतील? माझ्याशिवाय साक्षीदार नाही, आणि मी खोटं बोलले म्हणून सांगेन. मी कठड्यावरून हात बाहेरही काढला. मग एकदा उघडून बघावंसं वाटलं. आत शेला नव्हता. लुगड्याच्या पदराचा हातभर लांब तुकडा होता, सुती, धुऊन धुऊन विरलेला. तो पदर मी ओळखला. आत्याच्या स्वतःच्या लग्नातलं ते पिवळं लुगडं होतं, तिच्या पेटीत तळाला असायचं. त्याच्यावर एका टोकाला वेडेवाकडे टाके होते, माझ्यापेक्षाही वाईट, एखाद्या पाच वर्षांच्या पोरीने घातल्यासारखे. पुढे ते जरा सरळ झाले होते. मग एक पोपट, चोच फुटलेली. मग दुसरा, तिसरा. शेवटचे दोन शेल्यावरच्यासारखे होते. मला त्यातलं काही कळलं नाही. एवढंच कळलं की याने कुणाला फसवता येणार नाही, आणि आत्याने ते स्वतः मागवलं आहे. मी गुंडाळी केली आणि पुढे गेले.

वकिलीणबाईंनी तुकडा उलगडला आणि त्याही गोंधळल्या. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"सराव हाय, बाई." आत्या पहिल्यांदाच जरा अडखळत बोलली. "तुमचा शेला मी उलटा करून बघितला तवाच कळलं. वेलीचा देठ दोरीवानी पिळलेला असतो. आपन उजव्या हातानं भरला तर पीळ एका अंगाला पडतो. यातला समदा पीळ दुसऱ्या अंगाला हाय. मी धागा उलटा धरून बघितलं, पन ओढ येगळीच पडत होती, दोन पोपट निराळे दिसले असते. ज्यानं कुनी भरलाय ते मानूस डावरं होतं. मंग मला डाव्या हातानं शिकायला लागलं. त्याला आठ दिवस गेले. शेल्यावर तीनच दिवस काम हाय."

काकीआजींची बोटं थांबली होती. त्यांनी हात पदराला पुसले, "आण इकडे," म्हणाल्या, आणि शेला व तुकडा दोन्ही मांडीवर घेतले. तुकड्यावरचे पहिले वाकडे टाके त्यांनी अंगठ्याने चाचपले, मग पुढचे, मग शेल्याच्या उलट बाजूवरून अंगठा फिरवला. बराच वेळ त्या तेच करत होत्या.

"माझ्या माईमावशीने भरला हा," शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नासाठी. ती डावरी होती. डावरी म्हणून तिला स्वयंपाकाला, देवाला हात लावू देत नसत, म्हणून ती माडीवर बसून भरत असायची. या घरात हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं ते काय आहे." मग त्यांनी आत्याला विचारलं, "यातले तुझे दोन कुठले?"

आत्या पायरी चढून वर गेली. तिला कुणी वर ये म्हटलं नव्हतं, आणि कुणी थांबवलंही नाही. तिने बोट ठेवून दाखवलं. काकीआजींनी शेला डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि नुसती मान हलवली. सुनेला त्या म्हणाल्या, "हा माझाच शेला आहे. घडी घाल."

वकिलीणबाई घडी घालता घालता म्हणाल्या, "मग हे आधी नाही का सांगायचं? एवढं बोलणं वाढलं नसतं." चूक झाली असं त्या म्हणाल्या नाहीत. निघताना मात्र काकीआजींनी गव्हल्यांची एक पुडी बांधली आणि आत्याच्या हातात दिली, वरून न टाकता. आईने त्या गव्हल्यांची खीर केली आणि खीर उतरवेपर्यंत म्हणत होती, "दिली खरी, पन का दिली असंल?"

लग्नाचं बोलावणं आलं. बाबा म्हणाले, "पंगत कुठं मांडतात ते आधी विचार, मग जा." आत्या म्हणाली तिला पंगतीशी काही करायचं नाही, तिला शेला अंगावर बघायचा आहे. आम्ही दोघी मांडवाबाहेर उसाच्या गुऱ्हाळापाशी उभ्या राहिलो. अक्षता पडल्यावर सुधाताई बाहेर आली, खांद्यावर तो शेला. उन्हात पोपट असे उठून दिसले की आजूबाजूच्या बायका टाचा उंचावून बघू लागल्या. आमच्या पुढे उभी असलेली पुण्याकडची कुणी पाहुणी शेजारणीला म्हणाली, "साठ वर्षांचा आहे म्हणे. बघा, जुन्या कामाला कधी हात लावावा लागत नाही." मी आत्याकडे पाहिलं. तिने तोंडाला पदर लावला होता आणि ती हसत होती.

परत येताना पुलावर कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, बाईंना मीच सांगितलं होतं."

"ठाव हाय."

"मग तू मला मारलं का नाहीस? बाबांना पण नाही सांगितलंस."

ती म्हणाली, "चोर म्हनाल्या त्याचं काय एवढं वाटलं नाय गं. त्ये आपल्याला म्हनतातच, कदी तोंडावर, कदी मागनं. पन त्या तुकड्यावरचे पयले टाके लय वंगाळ होते. उस्तादांनी बघितले असते तर मला चौकटीवरनं उठवली असती. ते मला चारचौघांत उघडायला लागले. त्येचं वाईट वाटलं."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आत्याने चौकट पुन्हा पडवीत मांडली आणि तो तुकडा माझ्या मांडीवर टाकला. हातात बारीक सुई दिली. म्हणाली, "वाकडे हायेत तेवढे उसव. धागा तुटता कामा नाय." मी दुपारपर्यंत मान मोडून उसवत बसले. ती समोर पाठमोरी बसून कुणाच्या तरी पांढऱ्या साडीवर पानं भरत होती. माझ्या हातून दोनदा धागा तुटला. दोन्ही वेळा तिने मागे न बघता सांगितलं, "तुटला."